प्रतीकवादी छायाचित्रण आणि जुन्या मुद्रणप्रक्रिया

समोरची वस्तू टिपताना तिच्याआडून मृत्यू, त्याग, वासना, श्रद्धा, भय अशा न दिसणाऱ्या गोष्टी सुचवू पाहणारे छायाचित्रण म्हणजे प्रतीकवादी छायाचित्रण. साहित्यातील प्रतीकवादाचा जाहीरनामा झां मोरेआस याने १८८६ मध्ये ‘ल फिगारो’ या फ्रेंच वृत्तपत्रात छापला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तीच वृत्ती कॅमेऱ्यात उतरली. या प्रवाहाचा मुद्रणाशी फार जवळचा संबंध आहे. अशा चित्रांतला काळोख बहुतेक वेळा कागदावर हाताने चढवावा लागतो. त्यामुळे निगेटिव्हपेक्षा प्रिंटवर कलावंताचा जीव अधिक जडलेला दिसतो.

प्रक्रिया : या जुन्या मुद्रणप्रक्रियांना अतिनील किरण लागतात, म्हणजे मुख्यतः ऊन. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापायचे असल्याने ती प्रिंटएवढीच मोठी असावी लागते.

सर्वांत सोपी प्रक्रिया सायनोटाइप. जॉन हर्शेल याने ती १८४२ मध्ये शोधली आणि अ‍ॅना अ‍ॅटकिन्स हिने १८४३ पासून शेवाळांच्या चित्रपुस्तकासाठी वापरली. एकेकाळी इंजिनिअरांच्या टेबलावर असणारी ब्लूप्रिंट ती हीच. प्लॅटिनम मुद्रणाचे पेटंट विल्यम विलिस याने १८७३ मध्ये घेतले. यात धातूचे कण कागदाच्या तंतूंतच बसतात, वर चकाकी राहत नाही. सावल्यांमधल्या करड्या छटा इतक्या बारकाईने उतरतात, की अंधारातही काहीतरी आहे असे वाटत राहते. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दुर्मीळ आणि महाग झाले, तेव्हा ही पद्धत मागे पडली.

गम मुद्रण मात्र खऱ्या अर्थाने हाताचे काम. डिंक रात्रभर पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात काजळीचा रंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट मिसळायचे. आधी पाण्यात आकसवून वाळवलेल्या, खळ दिलेल्या जाड कागदावर हे मिश्रण मंद पिवळ्या दिव्याखाली रुंद ब्रशने लावायचे. वाळले की निगेटिव्हखाली उन्हात धरायचे. ऊन लागलेला डिंक घट्ट होतो, न लागलेला मऊच राहतो. मग कागद पालथा घालून पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला, की मऊ डिंक रंगासकट हळूहळू सुटू लागतो. एखादा चेहरा उजळायचा असेल, तर तिथे ओल्या ब्रशचा हलका हात फिरवतात. एका थरात खोल काळा येत नाही. तोच कागद पुन्हा लेपून, निगेटिव्ह तंतोतंत जुळवून दुसरा आणि तिसरा थर द्यावा लागतो. जुळणी केसभर चुकली तरी कडा दुहेरी दिसतात. मुळात आल्फोन्स प्वातवँ याच्या १८५५ च्या शोधावर आधारलेली ही पद्धत रोबेर दमाशी याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलावंतांमध्ये रूढ केली.

पश्चिमेतील कलावंत : बॉस्टनच्या फ्रेड हॉलंड डे याने १८९८ मध्ये स्वतःच ख्रिस्ताची भूमिका करून क्रुसारोहणाची चित्रे काढली. एडवर्ड स्टायकेन याचे ‘द पाँड-मूनलाइट’ (१९०४) प्लॅटिनम आणि गम यांच्या संयोगातून झाले. २००६ मध्ये त्याची एक प्रत २९ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. प्रागचा फ्रांतिशेक दर्तिकोल हा या धारेतला सर्वांत गडद कलावंत म्हणावा लागेल. त्याने रंगद्रव्य-मुद्रणात मोठे काम केले, १९३५ मध्ये स्टुडिओ विकला आणि उरलेले आयुष्य चित्रकला व बौद्ध साधनेला दिले.

मुंबई : महाराष्ट्रातील नाव घ्यायचे तर शापूर एन. भेदवार यांचे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, पण तिचा भर स्थळे, इमारती आणि माणसांची नोंद करण्यावर होता. पारशी समाजातील भेदवारांनी १८९० च्या सुमारास वेगळी वाट धरली. लंडनमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी रचलेली, वेशभूषा केलेली दृश्ये प्लॅटिनम प्रिंटमध्ये साकारली. ‘द फीस्ट ऑफ रोझेस’, पारशी धर्मगुरूच्या दीक्षाविधीवरील ‘नावर’ आणि ‘त्याग’ या त्यांच्या मालिका प्रसिद्ध आहेत. ‘द मिस्टिक साइन’ हे शीर्षकच त्यांचा कल सांगते. भेदवारांची प्रतीके युरोपियनांइतकी काळी नाहीत, त्यांत गांभीर्य अधिक आहे. पण आपल्या समाजातला धर्मविधी आणि संन्यासाची कल्पना ही कॅमेऱ्याची सामग्री होऊ शकते, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखले. मराठी कलाचर्चेत त्यांना मिळालेली जागा या कामगिरीच्या मानाने फारच तोकडी आहे. दिल्लीच्या अल्काझी संग्रहात त्यांची चित्रे जपलेली आहेत.

बुलढाणा जिल्हा : या कलेला लागणारे रसायन आणि विषय दोन्ही इथे हाताशी आहेत. लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या, काळ्या बेसाल्टमध्ये झालेल्या उल्काविवरात आहे. त्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी असून तिथल्या क्षारांचा साबण आणि काचेसाठीचा उपयोग ‘ऐन-इ-अकबरी’नेही नोंदवला आहे. अशा अल्कधर्मी पाण्यात सायनोटाइपचा निळा टिकत नाही, फिका पडत पिवळट होतो. या पिवळ्या प्रिंटला टॅनिनच्या द्रावणात ठेवले, की उरलेले लोह टॅनिनशी संयोग पावून प्रतिमा जांभळट काळी होऊन परतते. टॅनिन बाभळीच्या सालीत भरपूर असते, आणि बाभूळ वऱ्हाडात बांधाबांधावर आहे. तिचा डिंक गम मुद्रणातल्या डिंकाचा सख्खा भाऊबंदच.

हवामानाची गणिते मात्र सांभाळावी लागतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात प्लॅटिनमचा कागद फार सुकून प्रिंट रवाळ येते, तर पावसाळ्यात डायक्रोमेटचा लेप अंधारातही घट्ट होऊ लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर त्यातल्या त्यात सोयीचे.

विषय म्हणून लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा अंधारा गाभारा आणि लवणासुराच्या वधाची कथा, दोन्ही प्रतीकवादी कलावंताला आयती मिळतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा हजारो रंगीत फोटो निघाले. त्याच विवराचा काळा अर्थ शोधणाऱ्या प्रिंटना अजून भरपूर वाव आहे. विवर हे अभयारण्य असल्याने प्रयोगासाठी तिथले पाणी आणू नये, धुण्याच्या सोड्याने तोच परिणाम मिळतो. डायक्रोमेट विषारी व कर्करोगकारक आहे. ते हाताळताना हातमोजे हवेत, आणि उरलेले द्रावण मोरीत किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये.