शेवाळ कोण खातं?

अणुवीज केंद्राजवळच्या समुद्रातले मासे तपासतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण नेमकं काय तपासायचं, आणि त्यात किरणोत्सार किती असला तर चालेल, हे ठरतं कसं? त्याची गोष्ट आज सांगतोय. ती इंग्लंड-वेल्सची आहे आणि तिची सुरुवात माशापासून नाही, शेवाळापासून होते.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कंबरलंड भागात, विंडस्केल नावाचा अणुप्रकल्प होता. तिथे अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार होई. १९५६ साली त्याच्या शेजारीच काल्डर हॉल हे वीज केंद्र राणीच्या हस्ते सुरू झालं. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढलं की मागे किरणोत्सारी पाणी उरे. १९५२ पासून ते नळ्यांवाटे समुद्रात, किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत सोडलं जाऊ लागलं.

समुद्र केवढा मोठा, त्यात ते पातळ होऊन जाईल, असं कुणालाही वाटेल. पण समुद्रातले जीव पाण्यातले काही पदार्थ ओढून घेतात आणि अंगात साठवतात. तिथल्या खडकांवरचं पॉर्फिरा नावाचं जांभळट शेवाळ रुथेनियम हा किरणोत्सारी पदार्थ असाच साठवी. समुद्राच्या पाण्यात असेल त्याच्या हजारपटीच्या घरात. तो डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही आणि कितीही शिजवलं तरी नाहीसा होत नाही.

हे शेवाळ खाणारी माणसं मात्र नळीजवळ राहत नव्हती. कंबरलंडच्या किनाऱ्यावर ते गोळा होई आणि तीनशे किलोमीटर दक्षिणेला, वेल्समधल्या स्वान्सीकडे जाई. तिथे त्याचा लेव्हरब्रेड करत. नावात ब्रेड असला तरी तो पाव नव्हे. शेवाळ धुऊन तासन्‌तास शिजवायचं, आपण अळू घोटतो तसं एकजीव करायचं, मग ओटच्या पिठात घोळवून चरबीवर परतायचं. खाणकामगारांच्या घरची सकाळची न्याहारी ती. बाजारात शिंपल्यांच्या शेजारी त्याची विक्री चाले.

म्हणून सरकारच्या मत्स्य खात्याचे शास्त्रज्ञ शेवाळ तपासून थांबले नाहीत. कोण खातं, रोज किती खातं, याची त्यांनी वेल्समध्ये चौकशी केली. बहुतेक जण थोडंसंच खात होते, पण काहींच्या ताटात ते रोज असे. सरासरी काढली असती तर ही माणसं आकड्यांत हरवली असती. हिशेब धरला तो जास्त खाणाऱ्यांचा, दिवसाला सुमारे १६० ग्रॅमचा. त्यांच्या पोटात किती जाईल यावरून नळीतून किती सोडायचं त्याची मर्यादा पाहिली जाऊ लागली. सगळ्यात जास्त झळ बसू शकेल असा गट आधी शोधायचा, ही रीत पुढे जगभर गेली. आम्हाला ती पटते. घरात काय शिजतं आणि कुणाच्या वाट्याला किती येतं, हे स्वयंपाक करणारीइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण याच गोष्टीतली एक बाजू आम्हाला खटकते. १९५८ साली जिनिव्हाच्या परिषदेत तिथल्या अणुऊर्जा खात्याचे जॉन डन्स्टर यांनी उघड सांगितलं, की किरणोत्सारी पाणी बऱ्यापैकी प्रमाणात सोडणं हा आखून केलेल्या प्रयोगाचा भाग होता. थोडंच सोडलं असतं तर ते कुठे जातं, कशात साठतं, हे कळलं नसतं. म्हणजे माहिती मिळाली खरी, पण ती कुणाच्या तरी ताटावरून.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कंबरलंडचं शेवाळ वेल्सला जाणं थांबलं. मग लक्ष गेलं त्या किनाऱ्यावरचे मासे आणि शिंपल्या खाणाऱ्यांकडे, कारण माशांत सीझियम सापडत होतं. विंडस्केलचं नाव पुढे सेलाफील्ड झालं, आणि १९९०च्या दशकात तिथल्या मोठ्या शेवंडांत टेक्नेशियम वाढलं. दर वेळी जिन्नस बदलला आणि दर वेळी खाणारे नव्याने शोधावे लागले.

आपल्याकडे तारापूरचं केंद्र १९६९ पासून चालू आहे, आणि देशातल्या अशा प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण तपासणारी प्रयोगशाळा असते. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरी बोंबील किती, मांदेली किती, कालवं किती? विकायला काय जातं आणि घरासाठी काय राहतं? चुलीपाशी एक वही ठेवा आणि महिनाभर लिहून काढा. आमच्याकडे आलेल्या वह्या आम्ही पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.