दोन जीप आणि एक आरसी बुक

परतवाड्याच्या आमच्या घरामागे कडुलिंबाखाली एक जीप उभी होती. 2012 ला अब्बांचा इंतकाल झाला, त्यानंतर ती हललीच नाही. टपावरचं कॅनव्हास फाटलं, सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली, पुढच्या डाव्या चाकातून एक वेल वर गेली. 2023 च्या पावसाळ्यात पुतण्यानं अकोल्याला मला फोन केला. "चाचा, संत्र्याचे पैसे आलेत. थार बुक करतो. भंगारवाला जीपचे पंचेचाळीस हजार देतो म्हणतो. तुमचा जवाब पाहिजे."

जवाब माझ्याकडून पाहिजे होता, कारण जीप अजून अब्बांच्या नावावर होती आणि वारसांत मीही होतो. मी इतिहास शिकवतो. मोटारीतलं मला टायर बदलण्यापलीकडे कळत नाही. पण शनिवारी बस पकडून परतवाड्याला गेलो, तो मुख्यतः "पंचेचाळीस हजार" हा आकडा कानाला लागला म्हणून.

पुतण्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नवी थार 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आली. डिझेल इंजिन 130 अश्वशक्तीचं, पेट्रोल 150 चं. दोन एअरबॅगा, एबीएस, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे. वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, दर दोन महिन्यांनी नागपूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. तिवस्याच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अब्बांच्या जीपमध्ये बसून वहिनींनी जावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? त्या जीपला तर दारंसुद्धा कापडाची.

दुसऱ्या बाजूला उस्ताद होते. परतवाड्यात लाकडाच्या डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. वय सत्तरीच्या पुढे, हात अजून स्थिर. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, थुंकले आणि म्हणाले, "मियाँ, चेसिस सलामत है. बाकी सब तो बनता है." अंदाज दिला साडेतीन लाखांचा. लायनर, पिस्टन, रिंगा, क्रँक घासून घेणं, पंप आणि नोझल, पाटे, नवा पत्रा, वायरिंग, रंग. पुतण्या म्हणाला, एवढं सगळं नवं टाकलं तर मग जुनं काय राहिलं?

प्रश्न चांगला होता. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी इतिहासाच्या मास्तरानं करायचं ते केलं. अब्बांची पत्र्याची पेटी उघडली आणि कागद वाचत बसलो.

त्या कागदांकडे जाण्याआधी जीपची थोडी कुळकथा सांगतो, कारण "अस्सल जीप" हा शब्द आपण फार सहज वापरतो.

दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी जिथे होत्या तिथेच विकून टाकल्या गेल्या. आपल्याकडे त्यांना "डिस्पोजलची जीप" म्हणत. इकडे 2 ऑक्टोबर 1945 ला कंपनी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे दोन भाऊ आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मुहम्मद. कंपनीचं नाव महिंद्र अँड मोहम्मद. धंदा पोलादाचा. कैलासचंद्रांनी युद्धाच्या काळात अमेरिकेत काम केलं होतं, जीप तिथे पाहिली होती. 1947 मध्ये मुंबईत माझगावला विलीस जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्याच वर्षी गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. एम अँड एम ही अक्षरं मात्र तशीच राहिली.

गुलाम मुहम्मद अलिगढचे विद्यार्थी, हिशेबखात्यातले अधिकारी. आणि आम्हा वऱ्हाडकरांसाठी एक गंमत अशी की मधल्या काळात ते हैदराबादला निजामाचे अर्थमंत्री होते. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचाच. 1853 पासून प्रत्यक्ष कारभार इंग्रजांकडे, 1902 च्या करारानं कायमचा भाडेपट्टा, वर्षाला 25 लाख रुपये. म्हणजे ज्या माणसाचं नाव पुढे कंपनीच्या पाटीवरून उतरलं, त्यानं कधीकाळी हैदराबादची तिजोरी सांभाळली, आणि त्या तिजोरीत आमच्या अमरावती-अकोल्याचं भाडं जमा होत होतं. 1951 मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. 1954 मध्ये त्यांनी तिथली संविधान सभा बरखास्त केली. त्याबद्दल त्यांच्याविषयी मला काडीचं प्रेम नाही. पण 26 जानेवारी 1955 ला दिल्लीत राजपथावर प्रजासत्ताक दिनाचं संचलन झालं, तेव्हा प्रमुख पाहुणे हेच होते. तिथे बसून समोरून एखादी जीप गेली असेल तेव्हा या माणसाच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझे आजोबा गेले नाहीत. ते मेळघाटातून लाकूड उतरवण्याची लहानसहान कंत्राटं घेत आणि त्यांच्याकडे बैलगाडी होती. जीप आमच्या घरात यायला अजून तीस वर्षं होती.

पुनर्बांधणीच्या जीपवरून या देशात मोठा गदारोळही होऊन गेला आहे, हे आज फार थोड्यांना आठवतं. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईच्या दिवसांत लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जीपचा सौदा केला. गाड्या नव्या नव्हत्या, दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या. पैसे बरेचसे आधी दिले गेले, आल्या 155, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या नाहीत अशी ओरड झाली. 1955 मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. मी हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "बघा! सांगतो ना मी!" स्वतःच्याच बाजूविरुद्ध पुरावा द्यायची माझी जुनी खोड आहे.

आता पेटीतले कागद. आरसी बुक जुन्या पद्धतीचं, खाकी पुठ्ठ्याचं, एम.एच. 27 येण्याच्या कितीतरी आधीचा तीन अक्षरी नंबर. पहिली नोंदणी 1966, मालक एक सरकारी कार्यालय. आपल्या खेड्यापाड्यांत जीप पोचली ती अशीच. 2 ऑक्टोबर 1952 ला समूह विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी म्हणजे जीप हे समीकरण झालं. धूळ उडाली की पोरं ओरडायची, साहेब आला. आमची गाडी सीजे-3बी जातीची. हिचं बॉनेट इतर जीपपेक्षा उंच दिसतं, कारण आतलं पेट्रोल इंजिन उंच होतं, त्याची एक झडप वरच्या बाजूला बसवलेली. अमेरिकेत हा नमुना 1968 ला बंद झाला. आपल्याकडे त्याची लेकरं-नातवंडं पुढे कित्येक वर्षं निघत राहिली.

दुसरी नोंद 1978 ची. लिलावात घेणार: अब्बा. अम्मी सांगायची की त्यासाठी दोन तोळे गेले.

तिसऱ्या पानावर आलो आणि थांबलो. कारण खरी अडचण इथेच होती आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक होती. जीपमध्ये आज जे इंजिन आहे ते तिचं नाही. 1973 नंतर पेट्रोल महागलं, 1979 नंतर आणखी महागलं. तेव्हा वऱ्हाडातल्या बहुतेक जीपवाल्यांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. अब्बांनीही बसवलं, इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनाचं भावंड. शेतीच्या मुलखात ही सोय मोठी. ज्या मिस्त्रीला ट्रॅक्टर उघडता येतो त्याला जीप उघडता येते, आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात. काळी माती पावसात चाकाला लाडवासारखी चिकटते. अशा वेळी पांदण रस्त्यावर घोड्याच्या वेगानं पळणारं इंजिन नाही, हळूहळू ओढणारं इंजिन लागतं.

पण बदललेल्या इंजिनाची नोंद पुस्तकात नसेल, तर गाडी कायद्यानं मेलेली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तेच सांगतं, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही बजावलं की मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल चालणार नाहीत. डबवालीच्या बाजारातून नटूनथटून आलेल्या किती जीप आपल्याकडे केवळ या कारणानं घरामागे सडत आहेत, ते कोणत्याही मिस्त्रीला विचारा.

मी बोललो, "उस्ताद, व्हिंटेज म्हणून नोंदवता येणार नाही का? पन्नास वर्षं तर होऊन गेली." पुतण्यानं मोबाइलवर शोधून काढलं. जुलै 2021 चा नियम आहे. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज ठरते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन आणि रॅलीला न्यायची. म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलेल्या जीपला सरकार जुनी म्हणणार, आणि जिनं चाळीस वर्षं कापूस, संत्री, बाळंतिणी आणि मयती वाहिल्या तिला नाही म्हणणार. उस्ताद हसले. "तो फिर हमारी जीप ना नई, ना पुरानी."

अस्सलपणाचा हा घोळ आमच्यापुरताच नाही. 2018 मध्ये महिंद्रनं अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी आणली, तर जीपच्या तिथल्या मालक कंपनीनं तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते. 2020 मध्ये तिथल्या आयोगाचा निकाल महिंद्रच्या विरुद्ध लागला. 1947 पासून परवान्यानं जीप जोडणाऱ्यांना जीपसारखं दिसण्याची मनाई! पुढे रूप बदलून गाडी पुन्हा विकावी लागली.

तर तिसरं पान. शाई फिकट झालेली, पण शिक्का गोल आणि पूर्ण. 1983. इंजिन बदललं, पेट्रोलऐवजी डिझेल, नवा इंजिन नंबर, खाली सही. 1939 च्या जुन्या कायद्यात अशा बदलाची नोंद घ्यावी लागे, आणि अब्बा त्यासाठी अमरावतीला गेले होते. किती चकरा मारल्या ते पावत्यांवरून कळत होतं: चार. त्या काळी कोण विचारत होतं? गावातल्या दहांपैकी नऊ जीपवाले गेले नाहीत. आमच्या घरात कागद जपायची सवय कशी आली हे मी इथे सांगत बसत नाही. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरात तशीच एक पत्र्याची पेटी असेल.

पुतण्या पान बघत राहिला. "दादाजींनी चार चकरा मारल्या?"

यानंतर त्यानं थारचा विषय लगेच सोडला असं समजू नका. रात्री जेवणावर मोठी खडाजंगी झाली. तो म्हणाला, चाचा, तुम्ही अकोल्यात बसून इतिहास करता, मला इथे गाडी चालवायची आहे. हे बरोबर होतं. मी म्हणालो, थार रस्त्यावर येईपर्यंत सतरा लाख लागतात, त्यातले बारा कर्जाचे. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यासाठी व्याजाची गाडी नको. आणि ती उंच आहे, मला चढवत नाही." आम्ही दोघं पुरुष तीन दिवस जिच्या नावानं भांडत होतो, तिला गाडीत चढता येतं का हे कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी संत्र्याच्या पैशातून नागपूरच्या फेऱ्यांसाठी एक वापरलेली, ठेंगणी, एअरबॅगवाली बंद गाडी रोखीनं घेतली. उरलेल्यातून जीप उस्तादांकडे गेली. पुतण्याला ती गाडी आवडत नाही. थारचा फोटो अजून त्याच्या मोबाइलवर आहे.

काम सात महिने चाललं. साडेतीनचे चार लाख दहा हजार झाले. उस्तादांकडे एक शागीर्द आहे, एकोणीस वर्षांचा. तो नव्या गाड्यांना लॅपटॉप लावतो आणि जुन्यांना कान. पंप पुण्याहून की दिल्लीहून मागवायचा यावर दोघांत आठवडाभर वाद झाला. शेवटी दर्यापूरच्या एका भंगारात बंद पडलेला ट्रॅक्टर मिळाला आणि त्याचाच पंप बसला.

मग कागद. वारस म्हणून नाव चढवायला फॉर्म 31, नूतनीकरणाला फॉर्म 25. मुदत 2014 लाच संपलेली. फी 1 एप्रिल 2022 पासून 600 ची 5000 झालेली, त्यावर उशिराचा दंड, त्यावर पर्यावरण कर. बेरीज पाहून मी पुन्हा एकदा भंगारवाल्याचा विचार केला, हे कबूल करतो.

अमरावतीला तपासणीच्या दिवशी साहेबांनी चेसिस नंबरचा ठसा मागितला. कागद लोखंडावर धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. पुतण्या नवा शर्ट घालून आला होता, तसाच गाडीखाली शिरला. गंज खरवडून त्यानं घासायला सुरुवात केली. पहिले आकडे पटकन उठले. शेवटून दुसरा काही केल्या दिसेना. साहेब घड्याळ बघू लागले. आतून आवाज आला, "चाचा, जरा घासलेट द्या." फडकं भिजवून दिलं. दोन मिनिटांनी हात बाहेर आला, काळा झालेला, त्यात कागद. तीन होता की आठ, यावर साहेबांनी चष्मा लावला, आरसी बुकाचं पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. आठ.