आभाळातले उचंत खाते

विज्ञानाशी असलेला माझा संबंध दहावीच्या परीक्षेत उभयपक्षी समाधानाने संपला. पुढे कॉमर्स केले, बँकेत चिकटलो, आणि गेली वीस-बावीस वर्षे यवतमाळात काउंटरच्या आत बसून जमा आणि नावे या दोनच दिशा ओळखत आलो. असा माणूस आकाशातल्या अज्ञात वस्तूंची चौकशी करायला निघाला, असे कोणी सांगितले असते तर मी त्याला आधी पाणी प्यायला दिले असते. पण निघालो खरा.

तारीख 2 एप्रिल 2022. शनिवार, त्यात गुढीपाडवा. एकतीस मार्चच्या ताळेबंदाचा शीण अजून अंगात होता आणि त्यावर दुपारच्या श्रीखंडाचे ओझे. गुढी उतरवून झाली होती. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास गच्चीवर सतरंजी टाकून पडलो होतो, तोच चिरंजीव ओरडले, "बाबा, ते बघा!"

वायव्येकडून दिव्यांची एक रांग येत होती. पुढे दोन-तीन मोठे, तांबूस-पिवळे. मागे लहान लहान, प्रत्येकाला शेपूट. आवाज अजिबात नाही. वरातीतले गॅसबत्तीवाले चालावेत तशा शिस्तीत ते सगळे आमच्या डोक्यावरून पलीकडे, चंद्रपूरच्या बाजूला, निघून गेले. गल्लीतल्या सगळ्या गच्च्या एका क्षणात भरल्या.

मग तज्ज्ञांची मते आली. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "उल्कापात." समोरच्या मेडिकलवाल्याच्या मते विमान पेटले होते. आमच्या सौभाग्यवतींनी आधी हात जोडले आणि मग विचारले, "काय आहे हो?" आता नवऱ्याला काही विचारले आणि त्याने "माहीत नाही" म्हटले, असे आमच्या घराण्यात कधी झालेले नाही. टीव्हीवर महिनाभर युक्रेनचे युद्ध चालू होते. मी ठामपणे सांगितले, "क्षेपणास्त्र." शेजारच्या चार गच्च्यांनी ते ऐकले आणि बँकेतला माणूस म्हणतो म्हणजे खरेच असणार, म्हणून पुढे पाठवले.

रात्री मात्र मला झोप लागेना. त्याला कारण होते, आणि ते 1979 सालचे होते.

अमेरिकेची स्कायलॅब नावाची अंतराळ प्रयोगशाळा त्या साली पडायला आली होती. वजन सुमारे 77 टन. 1973 साली वर गेलेली. आता ती कुठे पडेल हे तिच्या मालकांनाही नक्की सांगता येत नव्हते. आपल्याकडे लोकांनी त्याचा साधा अर्थ काढला: कुठे पडेल ते माहीत नाही, म्हणजे आपल्या डोक्यावर पडेल. आमच्या आजोबांनीही तोच काढला. आजोबा दारव्ह्याकडच्या एका खेड्यातले कोरडवाहू शेतकरी. जगबुडीच येणार असेल तर बैल ठेवून काय करायचे, असा हिशेब करून त्यांनी ऐन डवरणीच्या तोंडावर बैलजोडी विकली आणि गावाला पुरणपोळीचे जेवण घातले. जेवण फार छान झाले, असे सांगणारी माणसे मी लहानपणी भेटलो आहे.

11 जुलैला स्कायलॅब खाली आली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. खड्डा मात्र आमच्या घरी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य नेहमीप्रमाणे उगवला, वावरात तण वाढलेले, आणि डवरे ओढायला बैल नाहीत. नवी जोडी कर्जाने घ्यावी लागली. माझ्या वडिलांचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. त्या जोडीचे कर्ज त्यांनी 1986 साली फेडले. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता, वडील म्हणत, "आता याच्याकडे बघायची हिंमत होते." आजोबा मात्र मरेपर्यंत आभाळाकडे बघून बोलत नसत.

तर सोमवारी, 4 एप्रिलला, बँक उघडली. पहिल्याच तासाला कळंबकडचे एक वयस्क शेतकरी खातेदार मुदत ठेवीची पावती घेऊन खिडकीशी उभे राहिले.

"साहेब, हे आभाळातलं पाह्यलं ना तुमी?"

"पाहिलं की."

"मंग आता हे पडनं चालूच राहीन काय? पावती मोडून टाकतो म्हनतो. पोरीच्या लग्नाची हाय, पन पैसा हाती असला म्हंजे बरं."

मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज किती कापले जाते, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकतो. पण मला दिसत होती ती पावती नव्हती, बैलजोडी होती. शनिवारी गच्चीवर मी जे क्षेपणास्त्र सोडले होते ते फिरून माझ्याच काउंटरवर येऊन पडले होते. मी म्हटले, "काका, आठ दिवस थांबा. मी चौकशी करून सांगतो." बावीस वर्षांच्या नोकरीत खातेदाराला "थांबा" म्हणताना मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

चौकशी कशी करायची? मला एकच पद्धत ठाऊक. बँकेत एखादी रक्कम येते आणि ती कोणाची, कशाची, हे कळत नाही, तेव्हा आम्ही ती 'उचंत खात्यात' टाकतो. साहेब लोक त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. उचंत खात्यातली रक्कम म्हणजे कुबेराने पाठवलेले धन नव्हे. तिचे व्हाउचर अजून सापडलेले नाही, एवढाच तिचा अर्थ. त्या आठ दिवसांत मी जे वाचले त्यावरून माझ्या ध्यानात आले की आकाशातल्या अज्ञात वस्तूंचा सगळा इतिहास हा या उचंत खात्याचाच इतिहास आहे.

खाते उघडले 24 जून 1947 रोजी. केनेथ अर्नोल्ड नावाच्या अमेरिकन वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात, रेनियर पर्वताजवळ, नऊ चमकत्या वस्तू जाताना दिसल्या. पाण्यावर फेकलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असे त्याने सांगितले. म्हणजे त्याने चाल सांगितली. वर्तमानपत्रांनी तो आकार समजला. झाली उडती तबकडी तयार! आणि मग लोकांना बशाच दिसायला लागल्या. एका कारकुनाने आकडा चुकीच्या रकान्यात लिहिला की पुढचे सगळे तो तसाच उतरवून काढतात, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेच्या हवाई दलाने या तक्रारींची रीतसर वही ठेवली. तिचे शेवटचे आणि प्रसिद्ध नाव 'प्रोजेक्ट ब्लू बुक'. 1969 साली ती बंद केली तेव्हा एकूण नोंदी 12,618. त्यातल्या बहुतेकांची व्हाउचरे सापडली: शुक्र, तारे, उल्का, फुगे, विमाने. उरल्या 701. मी लगेच टक्केवारी काढली, सवयच आहे ती. साडेपाच टक्के. एवढीच थकबाकी ठेवणाऱ्या शाखेला आमच्याकडे ढाल मिळते.

हे अमेरिकेचे झाले म्हणून आपण हसायला नको. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांनी आकाशात 329 वेळा अज्ञात प्रकाश नोंदवले. त्यांतले 155 तर सीमा ओलांडून आलेले म्हणून लिहिले गेले. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावले. त्यांनी निर्णय दिला: एक गुरू, दुसरा शुक्र. पण त्या जवानांना हसणाऱ्याने आधी त्या थंडीत रात्रभर उभे राहून दाखवावे. त्यांनी पाहिले ते इमानाने लिहिले, म्हणून तर शास्त्रज्ञांना ते तपासता आले. मी मात्र काही न लिहिता थेट क्षेपणास्त्र जाहीर केले होते.

तेव्हा मीही एक वही केली. काउंटरवर येईल त्याला पैसे देता देता विचारायचे: किती वाजता, कुठून कुठे, किती वेळ, आवाज आला का? दिव्यांची संख्या तीनपासून एकवीसपर्यंत निघाली. एकवीसवाला आमचा शिपाई. तो म्हणाला, "मोजले साहेब," आणि नोटा मोजण्यातला त्याचा लौकिक पाहता मी वाद घातला नाही. पण तीन गोष्टींवर सगळ्यांचा ताळा जमत होता. वायव्येकडून आग्नेयेकडे गेले. आवाज नाही. आणि निवांत गेले, मिनिटभर तरी दिसत होते.

हे 'निवांत' फार महत्त्वाचे निघाले. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. बहुतेक वेळा "बघ" म्हणेपर्यंत संपते. आपल्या विदर्भात 22 मे 2012 रोजी काटोलला खरीच उल्का पडली होती, तीही भर दुपारी, मोठा आवाज करीत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्यांनी तिचे तुकडे गोळा केले. माणसाने वर सोडलेली वस्तू मात्र परत येताना सेकंदाला आठएक किलोमीटरने, जवळजवळ आडवी शिरते, तुटत तुटत जाते आणि तिचे तुकडे एकामागे एक रांगेत जळत जातात. आमच्या शकुंतला रेल्वेला यवतमाळहून मूर्तिजापूर गाठायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात ती पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालून येईल हे खरे; पण उल्केच्या मानाने ती पॅसेंजरच. म्हणजे गुरुजींची उल्का बाद, आणि माझे क्षेपणास्त्रही.

व्हाउचर सापडले ते चंद्रपूर जिल्ह्यात. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात गावजेवणाची तयारी चालली होती, तेवढ्यात धातूचे एक भले मोठे कडे मोकळ्या जागेत येऊन आदळले. व्यास सुमारे 3 मीटर, वजन चाळीसएक किलो. आसपासच्या गावांत पोकळ गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही. कडे पोलीस ठाण्यात जमा झाले, पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. (आभाळातून काही पडायचे म्हटले की गावजेवण हवेच, हे आजोबांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे ठरले.)

आधी एक चुकीचे व्हाउचर लागले होते. त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक रॉकेट सुटले होते, ते हेच असावे असा काहींचा अंदाज होता. बँकेत हे रोजचेच: तारीख जुळते, रक्कम जुळते, खाते दुसऱ्याचे. पण अंतराळात सुटलेल्या प्रत्येक वस्तूची वही ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की हा चीनच्या 'लाँग मार्च 3बी' रॉकेटचा तिसरा टप्पा. फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेला, उपग्रह पोचवून चौदा महिने वर भटकत राहिलेला, आणि नेमका त्याच वेळी खाली यायचा होता. त्या टप्प्याचा व्यास? 3 मीटर. लाडबोरीच्या कड्याशी जुळला. गोळे म्हणजे दाबाखाली वायू साठवायच्या टाक्या. पोकळ आणि हलक्या असल्याने त्या वरच्या वर मंदावतात, म्हणून जळून संपत नाहीत.

मग वसुलीचा प्रश्न. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर ती सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. चूक कोणाची, हे विचारायचे नाही. 1978 साली रशियाचा अणुभट्टीवाला 'कॉसमॉस 954' कॅनडात पडला तेव्हा कॅनडाने 60,41,174 डॉलर आणि 70 सेंटचे बिल लावले. ते सत्तर सेंट वाचून त्या अनोळखी कारकुनाबद्दल माझा ऊर भरून आला. मिळाले तीस लाख. आणि स्कायलॅबचा कचरा टाकल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाने अमेरिकेच्या 'नासा'ला 400 डॉलर दंड केला होता. तो 2009 साली एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. तीस वर्षांची थकबाकी, तीही बिनव्याजी! आमच्या आजोबांच्या बैलजोडीसाठी मात्र कोणी वर्गणी काढली नाही. ते कलम करारात नाही. घाबरून विकलेल्या बैलांची भरपाई कोणताच देश देत नाही.

आठ दिवसांनी काका आले. मी माझी वही उघडून सगळे सांगितले. आधी मला माहीत नव्हते हेही सांगितले, आणि पुन्हा कधी काही पडणारच नाही असे वचन दिले नाही. तसले एखादे पुन्हाही दिसेल, पण त्यासाठी लग्नाचा पैसा मोडायचे कारण नाही, एवढेच म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकले.

"म्हंजे वस्तू कोनाची तरी होती. फक्त नाव लिवलेलं नव्हतं."

"तेच."

त्यांनी पावतीची घडी घालून ती खिशात ठेवली. जाता जाता खिडकीतून पुन्हा डोके आत घातले.

"साहेब, ते कडं माह्या वावरात पडलं असतं, तं भंगारात काय भाव भेटला असता जी?"

"काही नाही काका. पोलिसांत जमा करावं लागलं असतं. वर पंचनाम्याला दोन दिवस."

"मंग पडलं नाही तेच बरं," म्हणाले, आणि आभाळाकडे न बघताच गेले.