पडदे रंगवणाऱ्याने घडवलेला कॅमेरा

कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री ‘पेंटर’ या बिरुदानेच इतिहासात राहिले. आजचा वाचक मात्र त्यांना केवळ चित्रपट दिग्दर्शक म्हणून ओळखतो, आणि ही ओळख अर्धीच आहे.

१८९० साली कारागिराच्या घरात त्यांचा जन्म झाला. दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले होते. बाबूराव अशा शाळेची पायरी कधी चढले नाहीत. नात्यातल्या आनंदरावांसोबत ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर महाल, अरण्य, रस्ता उभा करायचा आणि दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तो खरा वाटला पाहिजे, हीच त्यांची कलाशाळा.

पुढे दोघांना चलच्चित्राचे वेड लागले. कॅमेऱ्यासाठी फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले होते. कोल्हापूरच्या या कारागिरांपुढे तो मार्ग नव्हता. यंत्र स्वतःच घडवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरीही बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला. तानीबाई कागलकरांनी भांडवल पुरवले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. त्यातला कीचकवध इतका जिवंत उतरला की सरकारने त्या दृश्याला कात्री लावली. याच कथेवरचे खाडिलकरांचे नाटक सरकारने पूर्वीच बंद पाडले होते, हे येथे विसरता येत नाही.

कुतूहलाची गोष्ट पुढेच आहे. पडदे रंगवून नाव कमावलेल्या या चित्रकारानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. रंगभूमीवर फसणारा डोळा कॅमेऱ्यापुढे फसत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी भरीव, वावरता येईल असे नेपथ्य उभारले. दृश्ये आणि वेशभूषा ते आधी रेखाटनांतून ठरवत. छाया-प्रकाशाचे गणित ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशयोजनेपर्यंत गेले. भित्तिपत्रकेही त्यांच्याच कुंचल्याची. दामले, फत्तेलाल, शांताराम याच कारखान्यात तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. ‘प्रभात’च्या देखण्या नेपथ्याचे मूळ शोधायचे तर ते इथे शोधावे.

स्वतः बाबूराव उत्तरायुष्यात पुन्हा चित्र-शिल्पाकडे वळले. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचा त्यांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांनी रंगवलेले भित्तिपत्रक मात्र टिकून आहे.