स्वागताची भाषा

पाहुण्यास आसन दिले म्हणजे स्वागत पुरे झाले, असे नव्हे. त्याची वाणीही ऐकून घ्यावी लागते. हैदराबादेस नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुधारणा परिषद भरली. इंग्रजी, उर्दू व मराठी भाषणे श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. परंतु आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागताच मराठी श्रोत्यांनी हुर्यो उडवली. संस्थानातील सर्वाधिक प्रजेची भाषा तेलुगू, आणि तिलाच ही वागणूक! त्याच रात्री तेलुगू मंडळींनी आंध्र जनसंघ स्थापिला. त्याच चळवळीतून पुढे १९३० साली आंध्र महासभा उभी राहिली. आज या नगरीत मराठी भाषकच अल्पसंख्य आहेत. तेव्हा आपल्या देवस्थानांच्या उत्सवांत स्वागताचे शब्द मराठीबरोबर तेलुगूतही उच्चारले जावेत, असे आम्हांस वाटते.