लामणदिव्यापासून पॅनेलपर्यंत : आपल्या छताखालचा उजेड

दिवाळीच्या साफसफाईबरोबर अलीकडे सीमाभागातील बहुतेक घरांत आणखी एक काम निघते. तक्तपोशीला किंवा स्लॅबला वर्षानुवर्षे चिकटून बसलेली ट्यूबलाईटची पट्टी, तिचा जड चोक, काळवंडलेला स्टार्टर हे सारे खाली उतरते आणि त्या जागी गोल किंवा चौकोनी एलईडी पॅनेल चढते. अर्ध्या तासाचे काम. परंतु छताखालच्या या दिव्यामागे शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजवर जेव्हा जेव्हा तो बदलला, तेव्हा तेव्हा घरातील माणसांची बसण्याची जागाही बदलली. म्हणून या बदलाकडे केवळ वीजबिलाच्या हिशेबाने पाहणे पुरेसे नाही.

आपल्या घरातील सर्वांत जुना टांगता दिवा म्हणजे लामणदिवा. पितळी साखळीने तो तुळईला टांगलेला असे. मोठ्या वाड्यांतून हंड्या-झुंबरेही होती. पण सामान्य घरात देवापुढे समई, कोनाड्यात पणती किंवा दिवली एवढाच उजेडाचा पसारा. त्यात जळे ते करडईचे नाहीतर एरंडीचे तेल. जे तेल फोडणीला लागते तेच दिव्यात घालायचे, म्हणजे रात्री जागणे ही चैनच होती. सूर्यास्ताबरोबर जेवणे उरकण्याच्या आपल्या जुन्या रिवाजामागे धर्मशास्त्राइतकेच हे तेलाचे गणितही असले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आले आणि दिव्याची जात पालटली. ‘घासलेट’ हा आपला शब्द इंग्रजीतील ‘गॅसलाईट’चा अपभ्रंश मानला जातो. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. आपल्याकडे त्या गॅसचे नाव तेवढे पोहोचले आणि ते बाटलीतल्या तेलाला चिकटले. या काळातील शब्द आपल्या द्विभाषिक जिल्ह्यात मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. मराठी घरात चिमणी, कानडी घरातही चिमणी; रॉकेलला उत्तर कर्नाटकात ‘चिमणी एण्णी’ म्हणतात. मुळात अरबी असलेला कंदील दोन्ही भाषांनी आपलासा केला. लग्नमंडपातील गॅसबत्ती दोघांचीही. पुढे वीज आल्यावर ‘करंट गेला’ ही तक्रारही दोन्ही घरांतून एकाच शब्दाने होऊ लागली. भाषांचे वाद कितीही असोत, अंधाराशी झुंजताना शेजाऱ्यांनी शब्द वाटून घेतले, असेच म्हणावे लागेल.

एडिसनने १८७९ साली कार्बनच्या तंतूचा टिकाऊ दिवा तयार केला. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान याच सुमारास त्याच मार्गावर होता. आपल्या मुलखाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९०२ चे. त्या वर्षी कावेरीवरील शिवसमुद्रम येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली आणि १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते विजेने उजळले. १९३६ साली बंगळूरातच म्हैसूर लॅम्प्स हा बल्बचा कारखाना निघाला. आता तो बंद आहे. पण त्याचे बल्ब पाहिलेली पिढी आपल्यात आहे. बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले, पुढच्याच वर्षी तेथे वीज मंडळ स्थापन झाले आणि १९६५ पासून शरावतीची वीज मिळू लागली. त्यानंतरच्या वर्षांत खेडोपाडी खांब उभे राहिले.

पण खांब दारात आला म्हणून घरभर उजेड झाला नाही. लाकडी पट्टीवरून वायर फिरवायची, गोल लाकडी ठोकळ्यावर होल्डर बसवायचा आणि त्यात चाळीसचा किंवा साठचा एकच बल्ब लावायचा. पुष्कळ घरांत सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत भोक पाडून त्यात बल्ब ठेवलेला असे. अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. झोपताना झिरोचा दिवा. नाव झिरो असले तरी तो १२ ते १५ वॅट खात असे, मात्र जुन्या मीटरला ते उमगत नसे. सरकारने गरिबांसाठी भाग्यज्योती योजना काढली तीही घरटी एका दिव्याचीच. एक दिवा हेच घराचे माप होते.

त्या एका दिव्याखाली सारे घर जमत असे. दिवेलागणीला शुभंकरोती, मग पाढे आणि पावकी-निमकीचा परवचा. एकीकडे आजी तांदूळ निवडते आहे, दुसरीकडे कोणी पोथी वाचतो आहे, तिसरीकडे सुताच्या किंवा उसाच्या भावाची चर्चा. तथापि एका दिव्याच्या घराचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. बल्ब सोप्यात असला की चुलीपाशी बाईला चिमणीच्या धुरातच भाकऱ्या थापाव्या लागत. परीक्षा मुलाची असेल तर दिवा त्याच्याकडे सरके. मुलीच्या अभ्यासाची पाळी भांडी घासून झाल्यावर येई. उजेड कमी होता आणि त्याची वाटणी समान नव्हती, हे इतिहास लिहिताना झाकून ठेवता येणार नाही.

ट्यूबलाईटने ही टंचाई पहिल्यांदा हटवली. १९३८ साली अमेरिकेत बाजारात आलेली ही नळी आपल्या मध्यमवर्गीय घरांत स्वातंत्र्यानंतर हळूहळू शिरली. बल्ब घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णतेत घालवतो. चाळीस वॅटची नळी तेवढ्याच विजेत कितीतरी अधिक प्रकाश देते. तिचे दोष दोन. व्होल्टेज उतरले की ती नुसती डोळे मिचकावते, आणि तिच्या पोटात थोडा पारा असतो.

एलईडीचा जन्म १९६२ चा. निक होलोनियाक यांनी त्या वर्षी डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड तयार केला. त्यात तापणारी तार नाही की वायूची नळी नाही. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यातून प्रवाह गेला की प्रकाश निघतो. लाल झाला, हिरवा झाला. निळा मात्र तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये घडलेल्या संशोधकांनी तो साध्य केला आणि २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. आपल्या छतावरच्या पॅनेलचे गुपित एवढेच.

भारतात तो घरोघर पोहोचला २०१५ च्या उजाला योजनेने. सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बची किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती. मोठ्या प्रमाणावर खरेदी झाल्याने ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरली. कर्नाटकात या योजनेचे नाव होते ‘होस बेळकु’, म्हणजे नवा उजेड. हिशेब सोपा आहे. चाळीसची ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून सुमारे ५२ वॅट. रोज पाच तास धरले तर वर्षाला जवळजवळ ९५ युनिटे होतात. २० वॅटच्या पॅनेलला ३६ ते ३७ पुरतात.

पॅनेल बसवताना मात्र जुन्या घरात घाई करू नये. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालू नये. जुन्या वायरचे रबर ठिसूळ झालेले असते; ओढली की ती सोलून निघते, तेव्हा दिव्याबरोबर तेवढी वायरही बदलावी. पॅनेलची स्वतंत्र ड्रायव्हर पेटी असते. बहुतेक वेळा आधी तीच बिघडते, म्हणून ती सुटी बदलता येईल असे पॅनेल निवडावे. ते कौलारू माळ्यावर गवत-पालापाचोळ्यात दडपू नये, हवा खेळती ठेवावी. उतरवलेली नळी फोडू नये. निजण्याच्या आणि बसण्याच्या खोलीत ३००० केल्विनचा पिवळसर उजेड घ्यावा. ६५०० चा निळसर पांढरा दुकानात भारदस्त दिसतो, घरात डोळ्यांवर येतो.

आता मूळ मुद्दा. उजेड इतका स्वस्त झाला की प्रत्येक खोलीला आपले पॅनेल आले. चुलीपुढची बाई धुरातून सुटली, मुलीला तिचे टेबल मिळाले; हा लाभ लहान नाही. परंतु दिवेलागणीला एकत्र येण्याचे कारणही त्याबरोबर गेले. आपल्या भागात याची किंमत अधिक आहे. मराठी घरातील पुष्कळ मुले आज कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. दोन्ही भाषा त्यांना उत्तम याव्यात, यात वाद नाही. मात्र सलग, सहज मराठी त्यांच्या कानावर पडण्याची जागा घर हीच उरली आहे. आठवीच्या वर्गात ‘दिडकी’ किंवा ‘परवचा’ म्हणजे काय असे विचारले, तर हात वर करणारी मुले मोजकीच निघतात. हे शब्द पाठ्यपुस्तकातून शिकवता येत नाहीत. ते एका दिव्याखाली बसलेल्या तीन पिढ्यांतून आपोआप उतरत असत.

पूर्वी टंचाईने लादलेला तो तास आता आपण होऊन राखावा लागेल. पॅनेल अवश्य बसवावीत. फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेआठ माजघरातले एक तेवढे लावावे, बाकीच्या खोल्यांची बटणे बंद ठेवावीत आणि आजी-आजोबांना मधोमध बसवावे. एका तासाचा खर्च वीस वॅटच्या हिशेबाने युनिटाचा पन्नासावा भाग होतो.