शेज आणि पेज

जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या, पावसाने जोर धरला, की पालीत सर्दी-तापाचे दिवस सुरू होतात. भाईंदरहून उत्तन, उत्तनच्या पुढं पाली, तिच्या पुढं चौक आणि खाडीपलीकडे वसई. एरवी या गावांतल्या घरांत मासळीशिवाय जेवण पुरं होत नाही आणि ईस्ट इंडियन घरांत तर बाटली मसाल्याशिवाय कालवणच होत नाही. पण अंग तापलं की मसाल्याची बाटली फळीवर राहते आणि चुलीवर पेजेचा टोप चढतो. कोकण किनाऱ्यावर कुठंही जा, घर हिंदूचं असो की ख्रिस्ती माणसाचं, याबाबतीत दुमत नाही.

पेज हा शब्द आला संस्कृतातल्या ‘पेया’वरून. पेया म्हणजे प्यायची. प्राकृतात तिची ‘पेज्जा’ झाली आणि मराठीत पेज. ‘शय्या’ही याच वाटेने आली आणि तिची शेज झाली. आजाऱ्याला लागणाऱ्या दोन्ही वस्तू एकाच घाटाने उतराव्यात, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आयुर्वेदाने या पातळ भाताची चांगली प्रतवारी लावली आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या दुसऱ्याच अध्यायात २८ प्रकारच्या यवागू दिल्या आहेत. नव्या तापात आधी लंघन, मग पातळ पेज, असा तिथला क्रम. मद्यामुळे आलेल्या तापाला मात्र यवागू द्यायची नाही, असंही चरक बजावतो. पुढच्या ग्रंथांनी पाण्याची मापं ठरवून दिली. तांदळाच्या चौदापट पाणी घालून मंड, सहापट घालून यवागू, चौपट घालून विलेपी.

घरातली बाई यातलं काही वाचत नाही. पाव वाटी उकडा तांदूळ धुऊन ती सात-आठ वाट्या पाण्यात शिजत घालते. कणी फुटली, पाण्याला दुधट रंग आला, की पळीने वरची निवळ काढते, मीठ घालते आणि कोमट झाल्यावर वाटी तोंडाला लावते. संध्याकाळी त्याच टोपातली शितं घोटून देते. दुसऱ्या दिवशी पाणी कमी करते, पेज घट्ट होते. तिसऱ्या दिवशी गुरगुट्या भात, वर तुपाचा थेंब, तोंडाला चव नसेल तर लिंबाच्या लोणच्याची फोड. मंड, यवागू, विलेपी ही चढण इथं नावं न घेता पार पडते.

पेज घरी राहिली. परदेशी गेली ती तिची बहीण, दक्षिणेची कांजी. हा मूळचा तमिळ शब्द. पोर्तुगिजांनी तो पश्चिम किनाऱ्यावर उचलला. १५३४ ते १७३९ पाली-उत्तनचा हा सगळा पट्टा वसईच्या पोर्तुगीज अमलाखाली होता. १५३४ सालीच गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरच्या संवादग्रंथात पटकीचं प्रकरण आहे. इथले लोक रोग्याला तांदळाचं पाणी मिरी-जिरं घालून पाजतात आणि त्याला कांजी म्हणतात, असं तो तिथं नोंदवतो. म्हणजे आपल्या आज्यांची कृती साडेचारशे वर्षांपूर्वी छापली गेली, तीही पोर्तुगीज भाषेत.

त्याच प्रकरणात रोगाचं नाव येतं ‘मोर्देशी’. ती आपली मोडशी! पोर्तुगीज कानांना ती तशी ऐकू आली. फ्रेंचांनी पुढं त्याचं ‘मोर-द-श्यां’ केलं, ज्याचा त्यांच्या भाषेत अर्थ कुत्र्याचं मरण. मोडशीची अशी विटंबना झाली, कांजीचं मात्र नशीब उघडलं. पोर्तुगालात तिची ‘कांजा’ झाली, तिच्यात कोंबडी पडली आणि आजारी माणसाचं ते हक्काचं सूप ठरलं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ते आजही शिजतं. ब्राझीलमध्ये एखादं काम अगदी सोपं असलं तर ‘ही तर कांजा’ म्हणतात. इंग्रजांनी चिनी लोकांच्या पातळ भातालासुद्धा ‘काँजी’ हेच नाव दिलं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत तर शिक्षा झालेल्या शिपायाच्या कोठडीला ‘काँजी हाउस’ म्हणत, कारण आत पोटाला तेवढंच मिळे.

शिक्षा म्हणून पेज, हे आमच्याकडे कुणाला पटायचं नाही. तापकरी पोर कुरकुरतं, पण ते फक्त मासळीसाठी.

आता पेजेच्या जागी बिस्किटं आणि पाकिटातलं सूप आलं आहे. मला हा बदल बरा वाटत नाही. तापात घाम येतो, भूक मरते, पाणी प्यायला मन घेत नाही. अशा वेळी वाटीभर निवळ म्हणजे पाणी, मीठ आणि पचायला हलका स्टार्च एकदमच पोटात जातो. पटकी-जुलाबासाठी आधुनिक वैद्यकाने साखर-मिठाचं पाणी सिद्ध केलं. पुढं साखरेऐवजी तांदळाचं पीठ घालूनही ते करून पाहिलं, आणि पटकीत ते चांगलं लागू पडलं.

मात्र पेजेने ताप उतरत नाही, ती फक्त माणसाला धरून ठेवते. पावसाळ्यात हिवताप, डेंगी, लेप्टो सगळेच फिरत असतात. दोन दिवस टोप चढवूनही अंग तापलेलंच राहिलं, तर तिसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्या.